पांढरे बूट

ही २०२३ सालची गोष्ट. माझ्या पुतण्याचा, जतीनचा, मसोलीला चिकूचे काप वाळवायचा कारखाना आहे. त्या वर्षी परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली: स्वच्छतेची परीक्षा पास झाल्याशिवाय काप करायच्या खोलीत कुणाला सोडायचं नाही.

शिकवायला एक जाडजूड चष्मा आला. डोळ्यांवर चढवला की समोर खोटा कारखाना उभा राहायचा; परीक्षाही त्यातच. जतीनची मुलगी रिया शिकवायची. बाकीच्या बाया हसत-किंचाळत पास झाल्या. अडली ती सुकी.

सुकी तलासरीकडची. तरुणपणी चिखल्याला आमच्या वाडीत कामाला आली. तेव्हा आम्ही दोघी झाडाखाली बसून चिकू निवडायचो, गाणी म्हणायचो. आता तिचे गुडघे गेले होते. ही बसून करायची कामं सुटली, तर मुलाच्या तोंडाकडे बघत घरी बसणं आलं.

पहिल्यांदा ती नापास झाली. दुसऱ्यांदा मी मुद्दाम गेले. सुकीने दारात चपला काढल्या, चष्मा चढवला. तिला दिसत होतं ते रियाच्या पडद्यावर आम्हालाही दिसत होतं. हात धुतले, टोपी घातली. पांढऱ्या बुटांच्या मांडणीसमोरून ती तशीच पुढे गेली. पडदा लाल.

"आजी, परत बूट विसरलीस!"

"इसरली नाय. खायच्या वस्तूपाशी पायात घालून कोन जातं? खळ्यावर भाताची रास असली तर तुझा आजा पन चपला काढायचा."

"काकी, समजाव हिला," जतीन म्हणाला. "आता आणखी एकदाच परीक्षा देता येईल. मग माझ्या हातात काही नाही."

मी सुकीकडे वळले.

"सुके, आता कुठून चालत आलीस?"

"रस्त्यानं. म्हशींच्या मागून."

"आणि हे आतले बूट कधी रस्त्यावर गेलेत?"

तिने चष्मा काढून पायाचा तळवा वळवून पाहिला. "म्हंजे बूट चोख आन् माझं पाय घान? वा गं बाय!"

शेवटच्या वेळी पडद्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. मी तिच्या पायांकडेच बघत राहिले. बोटं फरशीवर आवळली होती. मग एक पाय हळूच उचलला आणि नसलेल्या बुटात शिरला. मग दुसरा.

"हिरवा!" रिया ओरडली.

ते गिऱ्हाईक वर्षभरात सुटलं. जतीन आता माल मुंबईला पाठवतो. रिया बडोद्याला शिकते. सुकीने दोन हंगाम काम केलं आणि आपणहून थांबली. परवा मी तिला भेटायला गेले, तर खळ्यावर भाताची रास होती. मी चपला काढल्या.

"आदी पाय धू, बाय!" सुकी ओरडली.