देवपुरातल्या अळकुड्या

भांडायचंच ठरवून मी रावेरहून एसटीत बसले होते. पिशवीत आमच्या केळीच्या बागेतल्या, पाटाकडेला लावलेल्या अळकुड्या होत्या. आमचे हे, तोताराम, म्हणाले, "अगं, जैनांच्या घरात कंद चालत नाहीत. त्यात चातुर्मास. कशाला त्यांना डिवचतेस?" मी म्हटलं, "तुम्ही गप बसा. पोर माझी वाळून चाललीय तिकडे."

वाळूनच चालली होती हो. कामिनीला पाचवा महिना लागला तरी उलट्या थांबायचं नाव नव्हतं. पाणीसुद्धा पोटात ठरेना. कॉलेजात असताना पारसवर मन बसलं, हट्टानं त्या घरात गेली, आणि लग्नाआधीच सासूला स्वतःहून सांगून बसली, मी जमिनीखालचं काही खाणार नाही. कोणी मागितलं नव्हतं तिच्याकडं वचन! पण बोलली की बोलली, थेट बापावर गेलीय. आता डोहाळे लागले तेही नेमके अळकुड्यांचे. फोनवर रडायची, "आई, डोळ्यांपुढं नुसती तुझ्या हातची अळकुडीची भाजी येते गं." मी म्हणायची, घेऊन येते. तर लगेच, "नको, या घरात आणू नकोस. आईंना काय वाटेल?"

आईंना काय वाटेल म्हणे! आणि माझ्या जिवाला काय वाटतं, त्याचं काय?

आदल्या दिवशी तिला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. काय खावंसं वाटतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि पोरीच्या तोंडून अळकुडीचं नाव निघून गेलं. बाई म्हणाल्या, "मग द्या की. नीट शिजवली तर पचायला हलकी असते. ताकद येते, चोथ्यानं पोट साफ राहतं, उलट्यांत अंगातलं पोटॅशियम जातं तेही तिच्यात भरपूर. ते काही औषध नाही, पण सध्या हिच्या पोटात जे ठरेल ते खाऊ द्या." सासू शेजारीच बसलेली. हे सगळं मला पारसनं फोनवर सांगितलं.

"मग तुमच्या आई काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. गप्प बसली."

गप्प! माझं डोकंच फिरलं. धुळ्याच्या स्टँडवर रिक्षावाल्यानं विचारलं, "कोठे जानं शे, माय?" तर मी अशा काही आवाजात "देवपूर" म्हटलं की बिचाऱ्यानं भाडंही न ठरवता रिक्षा सुरू केली.

पिशवी मात्र मी दाराबाहेरच ठेवली. तोंड कितीही सुटलं तरी दुसऱ्याच्या देवाचा उंबरा असतो, एवढं कळतं मला.

कामिनी पलंगावर पडून होती. माय वं, काय ते तोंड झालेलं! नुसते डोळे. उशाला ओकायचं घमेलं. मी विचारलं, "सासूबाई कुठं आहेत?"

"गच्चीवर. सकाळी बाजारातून आल्या त्या वरच आहेत. मला येऊ देत नाहीत."

पदर खोचून मी जिना चढले. मनात सगळं बोलणं तयार होतं.

वर पत्र्याच्या सावलीत लाडकुंवरबाई बसल्या होत्या. शेगडी, कोरं पातेलं, कोरी सुरी. पुढ्यात अळकुड्यांचा ढीग, आणि त्या कच्च्याच सोलत होत्या! दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक सुजलेले. सुरी सोडून मनगटं गुडघ्यावर घासायच्या, पुन्हा सुरी धरायच्या.

"अरे देवा! विहीणबाई, हे काय चालवलंय?"

त्या दचकल्या. मला त्या ब्याणजी म्हणतात, त्यांच्या मारवाडीत विहिणीला तसंच म्हणतात. "ब्याणजी, असंच सोलतात ना? दुधीसारखं? मी जन्मात कधी हात लावला नाही हो याला." मग हात पुढं करून अगदी हळू म्हणाल्या, "किती आग होतेय. पाप करतेय म्हणूनच होत असेल का?"

खोचलेला पदर सोडून मी त्यांच्यापुढ्यात बसले, हातातली सुरी काढून घेतली. "पाप कसलं, अळकुडीच खाजरी! आधी उकडायची, मग सोलायची. नाहीतर हाताला तेल चोपडायचं. कामवालीला तरी विचारायचं!"

"तिला कसं सांगू? दुसऱ्याकडून करवून घेतलं तरी पाप ते पापच. मग मीच करायचं. पोरगी माझ्या घरातली, पोटातलं बाळ माझ्या घरातलं."

मी चिंचेच्या पाण्यानं त्यांचे हात धुतले, तेल लावलं. रडू येत होतं, लपवलं नाही. अळकुड्या उकडल्या, सोलल्या, ओवा आणि चिंच घालून भाजी केली. त्या म्हणाल्या, "लसूण आणू का? तिला तशीच आवडते ना?"

"नको विहीणबाई. तेवढं राहू द्या."

खाली ताटली नेली. कामिनीनं भाजी पाहिली, मग सासूचे हात पाहिले, आणि भिंतीकडं तोंड केलं. "मी नाही खाणार. आई, तुमचा नेम माझ्यापायी मोडला."

लाडकुंवरबाईंचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "मोडायचा तो मोडला! आता तू उपाशी राहिलीस तर माझं पापसुद्धा फुकट जाईल. ऊठ, खा!"

कामिनी उठली. रडत रडत एक घास घेतला, मग दुसरा. आम्ही दोघी घमेल्याकडं बघत बसलो. पंखा फिरत होता. ताटली रिकामी झाली तरी उलटी आली नाही.

"अजून आहे?" पोरीनं विचारलं.

मी उठणार, तोवर विहीणबाई सुजलेल्या हातांत ताटली धरून जिना चढायलाही लागल्या होत्या.