बायकोचा उशीर

दुर्बिणीच्या आवारात पाण्याचा पंप चालवणं हे माझं काम. ही दुर्बीण डोळा लावून बघायची नव्हे. भलीमोठी लोखंडी थाळी आहे, आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. रोज अकराच्या ठोक्याला पंप लावायचा आणि रजिस्टरात वेळ लिहायची. अक्षर पन्नाशीनंतर गिरवलं, म्हणून लिहायची हौस दांडगी.

थाळीवर काम करायला एक नव्या मॅडम आल्या होत्या. मुदत दहाच दिवसांची. दहाव्या दिवशी दुपारी त्या नाचतच माझ्या खोलीत आल्या.

"काका, सापडलं! दहा दिवस कॉम्प्युटरवर एकच खूण उमटतेय, आणि रोज चार मिनिटं आधी."

"मग त्यात काय एवढं?"

"तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात. माणसाची यंत्रं घड्याळावर चालतात. म्हणजे हे वरचंच! तुमचा पंप अकरालाच लागतो ना?"

मी रजिस्टर पुढे सरकवलं. दहा ओळी, दहा वेळा अकरा. मॅडमनी फोटो काढला. चार वाजता मोठ्या सरांना अहवाल जायचा होता. तो पटला तर थाळी त्यांना वर्षभर मिळणार होती, नाहीतर उद्या सामान बांधायचं.

तेवढ्यात आमची ही डबा घेऊन आली.

"छत्तीस मिनिटं उशीर," मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"बाराच्या ठोक्याला दारात उभी आहे मी. तुमचं घड्याळच उधळलंय."

"दहा दिवसांपूर्वी तेलपाणी करून आणलंय ते! काल बत्तीस, परवा अठ्ठावीस. सगळं लिहून ठेवलंय."

"बायकोचा उशीर कामाच्या रजिस्टरात?"

"मागच्या पानावर."

मॅडमचं हसू मावळलं. त्यांनी मागचं पान उघडलं. चार, आठ, बारा, सोळा... मोबाइल बघितला, बारा. भिंतीवर बारा छत्तीस.

"काका, पंपाशी थांबा," म्हणत त्या कॉम्प्युटरच्या खोलीत धावल्या आणि खिडकीतून ओरडल्या, "लावा! बंद करा! परत लावा!"

मग बाहेर येऊन म्हणाल्या, "पंप लागला की खूण उमटते, बंद झाला की जाते." घड्याळ रोज चार मिनिटं पुढे पळायचं, त्याच्यामागे मी, माझ्यामागे पंप. तारा म्हणून आमची जुनाट मोटारच थाळीनं टिपली होती.

"पोरी, माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं."

"काकू आल्या नसत्या तर चार वाजता माझी शोभा झाली असती!" म्हणत त्या खो खो हसल्या. डोळे मात्र पुसले.

चारला अहवाल गेला, पण पंपाच्या नावाने. आपली चूक आपणच धरली म्हणून सर खूश झाले. वर्ष नाही, पण महिना वाढवून मिळाला.

घड्याळ मी भंगारात टाकायला निघालो, तर मॅडमनी ओढूनच घेतलं. "ताऱ्यांच्या चालीनं चालणारं घड्याळ आम्हाला लागतंच. हे तर आयतं मिळालं!" ते आता कॉम्प्युटरच्या खोलीत टांगलंय.

मला नवं मिळालं. दुसऱ्या दिवशी ही बारा वाजून पाच मिनिटांनी आली. खरा उशीर! मी पेन उचललं. तिनं डबा मागे घेतला.

मी पेन खाली ठेवलं.