लोंबत्या चाकाचं माप

मित्रांनो, मी एक जुना कमानपाटा आहे. तुम्ही गाडीत बसता आणि खिडकीतून डोंगर बघता, पण गाडीखाली वाकून कोण बघतं? तिथे चाकाजवळ एकाखाली एक अशा सात पोलादी पट्ट्या कमानीसारख्या वाकवून, मधोमध आवळून बांधलेल्या असतात. तोच मी. खड्डा आला की मी दबतो, खड्डा सरला की उठतो. वर तुमची डुलकी मोडत नाही, याचं श्रेय मात्र तुम्ही रस्त्याला देता.

माझा जन्म भट्टीत झाला. लालबुंद असताना मला वाकवलं आणि तसंच तेलात बुडवलं. त्या तेलाच्या काळोखात मला पहिलं स्वप्न पडलं असावं, कारण तेव्हापासून मी कायम अर्धा जागा आणि अर्धा झोपेत असतो. पुढे एका जीपच्या पुढच्या डाव्या चाकावर माझी नेमणूक झाली. जीप बाबांची होती. डोंगरावर त्यांचं दगडी घर होतं आणि घरामागे मधमाश्यांच्या तीस पेट्या. खाली मध पोचवायचा, वर सामान आणायचं, अशी आमची वर्षं गेली. वाटेवरचा प्रत्येक दगड मला पाठ होता. तो यायच्या आधीच मी झोपेत थोडा दबायचो.

मग बाबांचा गुडघा धरला आणि जीप त्यांच्या लेकीकडे आली. तिला सगळे ताई म्हणत. ताई खाली गावात शिवणकाम करायची आणि दर रविवारी डबा, औषधं आणि आठवड्याच्या गप्पा घेऊन वर जायची. एकदा दरड कोसळली. दरड उचलली गेली, पण शेवटच्या वळणावर मांडीएवढी उंच खडकाची पायरी मागे राहिली. जीप चढायला गेली की पोट खडकावर टेकायचं आणि चाकं नुसती गरगरायची.

ताईचा धाकटा भाऊ शहरात राहायचा. तो बघायला आला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"ताई, हट्ट सोड आता. उद्या बाबांना काही झालं तर खाली कसं आणणार? पाठीवर घेऊन? महिन्याभरात गाडी दारात पोचली तर ठीक. नाहीतर मी त्यांना माझ्याकडे नेतो."

"ते तिथे चौथ्या मजल्यावर काय करतील रे?"

"जगतील," भाऊ म्हणाला.

भावाचंही काही चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

ताई थेट मिस्तरीकडे गेली. या मिस्तरीला सगळे 'मोजमाप' म्हणत. तो चहात साखरसुद्धा चमचा सपाट करून घालायचा. गॅरेजची फरशी त्याने पाणी ओतून ओतून इतकी समतल केली होती, की गोटी ठेवली तर जागची हलत नसे. तिथे धूळ आणलेली त्याला खपत नसे. गिऱ्हाइकांनी चपला बाहेर काढायच्या, असा दंडकच होता.

"मोठे टायर लावू," तो म्हणाला. "पण टायर मोठे म्हणजे ते मडगार्डला घासणार. म्हणून आधी गाडी चार बोटं उचलायची. पाटे नव्याने वाकवायचे, एकेक पट्टी वाढवायची, शॉकॲब्सॉर्बर लांब घालायचे."

मित्रांनो, मला पुन्हा भट्टीत घातलं. म्हातारपणी लहान होणं कुणाच्या वाट्याला येतं? मी तापलो, वाकलो, तेलात बुडालो, आणि बाहेर आलो तो आठ पट्ट्यांचा, ताठ कमानीचा. जीपखाली पुन्हा बसलो तेव्हा जमीन इतकी दूर दिसली, की मी उडतोय असंच मला वाटलं. मोजमापने समतल फरशीवर जीप उभी करून चारही बाजूंनी तीन तीनदा मापं घेतली. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टायर कुठे घासत नाही ना, तेही पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. ताईचा जीव भांड्यात पडला आणि मी हुरळून गेलो.

महिना संपायच्या आत, एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. भाऊ डाव्या सीटवर, म्हणजे माझ्या बरोबर वर बसला होता. धुकं नुकतं उठत होतं. नवे टायर दगडांवरून असे जात होते, की जुन्या ओळखीचे दगड मला भेटले न भेटले कळेना. ती पायरी आली. उजवं चाक खडकावर चढलं आणि डावं चाक हवेत लोंबायला लागलं.

आणि माझ्यावरचा सगळा भार गेला.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर काहीच नव्हतं. मी सैल झालो, खाली खाली उतरत गेलो. खूप गोड वाटलं, मित्रांनो. कुठून तरी मधमाश्यांची गुणगुण येत होती आणि माझे डोळे मिटत होते. माझ्याच शेजारी ब्रेकची रबरी नळी ताणली जात होती. तिची धडपड मला दिसत होती. पण ती स्वप्नातलीच वाटली. तिने एकदा करकर आवाज केला आणि ती फाटली.

ताईने ब्रेक दाबला. पॅडल सरळ तळाला गेलं. जीप मागे घसरू लागली. ताईने हँडब्रेक खेचला. भावाने उडी मारली आणि दोन्ही हातांनी धोंडा उचलून मागच्या चाकाखाली सरकवला. गाडी थांबली. मागे दरी होती.

"झालं समाधान?" भाऊ म्हणाला. "आज तू गेली असतीस, ताई."

ताई खाली बसली आणि रडू लागली. मलाही लाज वाटली, पण पोलादाला तोंड कुठे लपवता येतं?

अर्ध्या-पाऊण तासाने काठीचा आवाज आला. इंजिन मध्येच बंद पडलेलं ऐकून बाबा घरून उतरत आले होते. एकेक पाऊल टाकत, बसत, उठत. ते थेट गाडीखाली आडवे झाले आणि त्यांनी नळीला बोट लावलं.

"लांबीला कमी पडली. माप कुठे घेतलं?"

"मोजमापच्या फरशीवर," ताई डोळे पुसत म्हणाली.

बाबा पडल्या पडल्या हसू लागले. "अरे, चारही पाय टेकलेल्या गाडीचं माप कुणीही घेईल! एक चाक लोंबतं सोडून बघायचं होतं."

भावाचा पारा चढला. "हसताय काय? गाडी दारात आली नाही, बाबा. आपलं ठरलं होतं."

"गाडी नाही आली, पण मी आलो ना इथवर?" बाबा म्हणाले. "तू मला बघतोस ते वर्षातून दोनदा, खुर्चीत बसलेला. दोन पायांवर किती चालतो ते कधी पाहिलंस?"

भावाने वडिलांना हात देऊन उठवलं आणि खांद्याचा आधार देऊन वर नेलं. त्या चढाला त्यांना तास लागला. संध्याकाळपर्यंत तो खाली आला नाही. आल्यावर ताईला एवढंच म्हणाला, "नळी बदलून घे. लांब घे."

मोजमाप लांब नळी घेऊन डोंगर चढत स्वतः आला. शरमेने त्याला मान वर करवत नव्हती. त्यानंतर म्हणे त्याच्या त्या लाडक्या फरशीवर दगडांचा ढीग आला, आणि प्रत्येक गाडीचं एक चाक आधी त्यावर चढू लागलं. पुढच्या रविवारी आम्ही दारात पोचलो.

बाबा आणखी सहा वर्षं वर राहिले. भाऊही महिन्यातून एकदा येऊ लागला. बाबांना फिरवून आणताना ते डाव्या सीटवर बसत. पहिल्या वर्षी ते बसले की मी चांगला दबायचो. मग जरा कमी. मग आणखी कमी. ताई समोर रस्ता बघायची, भाऊ मागे बसून बोलत असायचा. कुणाच्या लक्षात आलं नाही. एके दिवशी बाबा स्वतःच म्हणाले, "चला, आता खाली राहीन." त्या दिवशी ते सीटवर बसले तेव्हा मला वाटलं, ते अजून बसायचेच आहेत.

आता माझी एक पट्टी तडकली आहे आणि मी गॅरेजच्या मागे गवतात पडलो आहे. गंज चढतो, त्याचं फारसं काही वाटत नाही. मित्रांनो, गाडीला तेलपाणी कराच. पण घरातलं म्हातारं माणूस शेजारी येऊन बसलं, तर मान वळवून त्याच्याकडे नीट बघा. मला कळत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.