तलावातलं गवत

एकोडीजवळच्या त्या तलावात रीना तीन दिवस जाळं टाकून बघत होती. भंडाऱ्याच्या कॉलेजातून ती तलावातल्या माशांची नोंद करायला आली होती. जाळ्यात दरवेळी सोसायटीने सोडलेले रोहू आणि कटला तेवढे येत. इथली मूळची मरळ नाही, मागूर नाही, बारीक बोटरी मासळी तर औषधालाही नाही.

"बाबाजी, पाण्यातलं गवत कधी गेलं इथलं?" तिने तलावाच्या पाळीवर, बांधावर बसलेल्या तुलारामला विचारलं. तो मच्छीमार सोसायटीचा जुना अध्यक्ष.

"धानावरच्या औषधाच्या फवाऱ्यानं गेलं ते," त्याच्या आधी शेजारी उभी असलेली रंभाबाईच बोलली. काठाकाठाने हातजाळीत बारीक मासे धरून तिने तीन लेकरं वाढवली होती. आता ती दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणीला जायची.

बारा वर्षं सारं गाव हेच म्हणत होतं आणि तुलाराम मान डोलवत आला होता. पण आता पोरीची पेन्सिल वहीवर टेकली. खोटं कागदावर उतरलं, की उद्या शिकणारी पोरंही तेच शिकणार.

"लिहू नको, बाई. जाळं अडकते म्हणून म्याच गवत खाणारा गवत्या मासा आणून सोडला. दोन सालात त्यानं तळ साफ केला. मले तं लई आनंद झाला होता! मंग समजलं, आपले मासे अंडी त्या गवतातच घालत होते."

"अन् बारा साल तोंडात मूग धरले होते काय?" रंभाबाई कडाडली.

"अध्यक्ष होतो ना," तो पुटपुटला.

"गवत्या आता जाळ्यात येत नाही, म्हणजे गवत पुन्हा लावता येईल," रीना मधे पडली. "जवळच्या एखाद्या तलावातून मुळं आणू."

रंभाबाईचा राग तिथेच ओसरला. "माह्या माहेरच्या तलावात हाये ना! पाय अडकत होते आमचे. चाल पोरी, मी येतो तुह्यासंग." तिने पदर खोचलासुद्धा.

"तिथं नको जाऊ," तुलाराम म्हणाला.

"काहून?"

"तिथंबी म्याच सोडले. तुह्या भावानं मागतले होते."

"तवा समजलं होतं तुले, अंड्यांचं?"

"समजून राहिलं होतं. पण तो चारचौघांत म्हणे, तुमच्यासारखा जाणकार नाही. मले नाही म्हणता आलं नाही."

रंभाबाईने खोचलेला पदर सोडला. "त्या दिवशी भावानं तुह्यासाठी कोंबडा कापला होता," एवढंच बोलून ती पाळीवरून निघून गेली.

रीनाने वहीचं पान उलटलं. "बाबाजी, आणखी कोणत्या तलावांत दिले?"

तुलाराम गावांची नावं सांगू लागला. पान भरलं, तरी तो सांगतच होता.