मामाची चमक

आमच्या मामाला चमकणाऱ्या वस्तूंचं भारी वेड. बूट चमकतात, टेबलाची काच चमकते, टक्कलही चमकतं; आत मात्र सगळा आनंदीआनंद. आईच्या या धाकट्या भावाची उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे पदार्थ, बनवायची प्रयोगशाळा आहे आणि मी तिथली केमिस्ट. "मामानं तुला उभं केलं," हे आई उठता-बसता ऐकवते. उभं कसलं केलंय, मुठीत धरलंय!

त्या दिवशी एका मोठ्या कारखान्याच्या तपासनीस बाई येणार होत्या. मी बनवलेलं निकेलचं उत्प्रेरक कसोटीला उतरलं, तर ते तर घेणार होत्याच, पण बनवणारीलाही नोकरीवर घेणार होत्या. मामाच्या तावडीतून सुटायची तेवढीच वाट होती.

निकेल हायड्रोजनमध्ये बेतानं तापवलं की त्याला चिकटलेला ऑक्सिजन निघून जातो आणि बारीक बारीक कण उघडे पडतात. मग ते इतके तापट होतात की हवा लागताच पेट घेतात. म्हणून आधी निववायचं, मग नायट्रोजनमधून जराजराशी हवा सोडायची, वर ऑक्साइडची पातळ साय धरेपर्यंत. दिसतं काळंकुट्ट. पण कण जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त, आणि राबतो तो पृष्ठभागच.

मामानं नळीत डोकावून नाक मुरडलं. "शी! ही काजळी बाईंपुढे ठेवणार? लाज आहे का?"

"मामा, ते तसंच असतं."

"मला शिकवू नकोस. हायड्रोजन सोड, भट्टी पूर्ण चढव."

"कण एकमेकांना चिकटून ढेकळं होतील. पृष्ठभाग जाईल सगळा!"

"चमकेल तरी!" म्हणत त्यानं स्वतःच भट्टीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. अक्कल वाटताना हे महाशय आरशापुढे उभे असावेत. मी मात्र चमचाभर पूड आधीच बाटलीत काढून ठेवली होती. मामाला काय आज ओळखते?

बाई आल्या. मामानं रुपेरी झालेली पूड त्यांच्यापुढे अशी धरली, जणू मुलगी दाखवतोय. बाईंनी ती चाचणीच्या नळीत भरली, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सोडला. आत गेले तेच वायू जसेच्या तसे बाहेर आले. चांगल्या निकेलवर त्यांचं मिथेन व्हायला हवं; इथे मिथेनचा पत्ता नाही.

मामा माझ्याकडे वळला. "भाचीनं केलंय हो. तरी मी सांगत होतो, नीट कर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बाई पूड उजेडात धरून म्हणाल्या, "चकाकी मात्र सुरेख आलीय. भट्टीवर कोण होतं?"

स्तुती कानावर पडली आणि मामाला राहवलं नाही. "मी! स्वतःच्या हातानं!"

"अस्सं. मग हा नमुना तुमचा झाला. हिचा कुठाय?"

मी खिशातून बाटली काढली. बाईंनी ती काळी पूड नळीत घातली, हायड्रोजनमध्ये हलकेच तापवून वरची साय उतरवली आणि पुन्हा वायू सोडले. पडद्यावरची मिथेनची रेघ सरसर वर चढली.

मामाचं तोंड एवढंसं झालं. तरी खोड जाते कुठली! "अहो, पण हे असलं काळं ध्यान घेऊन जाणार तुम्ही?"

"हो," बाई म्हणाल्या, "आणि बनवणारीलाही."

मी प्रयोगशाळेचा कोट काढून खुंटीला अडकवला. मामा आपली रुपेरी पूड पुन्हा डबीत भरत होता, एक कणही सांडू न देता.