कोऱ्या पट्टीवरचा अंगठा

‘तुम्ही डोळ्यांवर कातडं ओढून बसला आहात, आणि वर निवडसमिती म्हणवता!’

आफ्रियेने पेन एवढं दाबलं की तक्रारीच्या अर्जाचा कागद फाटला. भिंतीवर यादी लागली होती. केपटाउनच्या परिषदेला कुमासीच्या प्रयोगशाळेतून एकच जण : तरुण संशोधक सेलासी. ज्या यंत्रावर तिने प्रयोगाचे आकडे मोजले ते आफ्रियेने एकटीने जोडलं होतं. सोल्डरिंगचा तिरका व्रण अजून तिच्या उजव्या अंगठ्यावर होता.

सेलासी दारातून डोकावली.

“आंटी, माझ्या पट्ट्या मांडल्यात ना? तुमच्या हाताला गुण आहे बाई.”

“गुण हाताला आणि तिकीट तुला.”

“येताना चॉकलेट आणीन.”

“आमचाच कोको आम्हालाच विक.”

सेलासी खळखळून हसत जेवायला गेली. ते हसणं आफ्रियेला टोचलं.

सोन्याच्या पट्टीवर एका रेणूइतका पातळ थर चढवायचा. सगळे रेणू एका दिशेला तोंड करून उभे राहिले की पट्टीचा विद्युतदाब बदलतो. सेलासीचे रेणू दर वेळी तीनशे मिलिव्होल्ट दाखवायचे. तेच द्रावण, तेच सोनं, पण आफ्रियेने करून पाहिलं की जेमतेम पन्नास. पोरगी लबाडी करते, याबद्दल तिला शंका नव्हती.

तिने सेलासीच्या ट्रेमधली एक पट्टी उचलली. सकाळी मांडलेली, कोरी. द्रावणात अजून बुडालेलीसुद्धा नव्हती. यंत्राखाली ठेवली.

तीनशे दोन.

“सापडलीस!” ती मोठ्याने म्हणाली.

एसीने पट्टी गार पडली होती. आफ्रियेने तिच्यावर तोंडाची वाफ सोडली. सोनं धुरकटलं, मधोमध अंगठ्याचा एक ठसा तेवढा चकचकीत राहिला. त्याच्या रेषा तिरक्या कापल्या गेल्या होत्या.

वाफ उडाली. तिने पुन्हा सोडली. तोच व्रण.

हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याने हात फुटतात, म्हणून ती रोज सकाळी शियाच्या बियांचं लोणी चोळायची आणि त्याच हातांनी सेलासीच्या पट्ट्या मांडायची. सेलासीला त्याचा वाससुद्धा खपत नसे. स्वतःच्या पट्ट्या हाताळताना आफ्रिये हातमोजे घालायची. खोकं महिन्याला एकच मिळायचं. त्या पोरीसाठी कशाला वाया घालवायचे?

अर्ज तिने घडी करून खिशात टाकला. खोक्यात एकच जोडी उरली होती. ती घालून आफ्रिये सेलासीच्या ट्रेमधल्या उरलेल्या पट्ट्या स्पिरिटने पुसायला लागली.

“अगंबाई!” सेलासी पानात बांधलेली मक्याची केन्की हातात घेऊन परत आली होती. “हातमोजे? माझ्या पट्ट्यांना?”

आफ्रिये खाली बघून पुसत राहिली.

“वर्षभरात कधी घातले नाहीत तुम्ही.” सेलासीचं हसू हळूहळू विरलं. तिची नजर यंत्राखालच्या कोऱ्या पट्टीवर गेली, मग आकड्यावर. “आजच का घातलेत? आंटी, माझ्याकडे बघा. सांगा.”