झाडपाल्याचंच तर आहे

क्रेनने उचललेली लोखंडी तुळई हवेत अर्ध्यावर लोंबकळत असतानाच त्याच्या पोटात पीळ पडला. खाली माणसं होती. दातओठ खात त्याने ती जागेवर टेकवली, पण क्रेनची उंच शिडी उतरेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. खाली कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना वळवल्या, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी मुकादमाने क्रेन दुसऱ्याच्या हाती दिली.

"पोटासाठी काय घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"औषध काही नाही. थोरला भाऊ पोट साफ व्हायचं चूर्ण देतो, तेच रोज. झाडपाल्याचंच तर आहे."

"झाडपाला काय फक्त गुणच देतो? आतड्यात असंख्य जिवाणू असतात, पचनाला हातभार लावणारे. रोज जुलाबाचं चूर्ण घेतलंत तर त्यांची घडी विस्कटणारच. आधी ते बंद करा. पोट ताळ्यावर येईल, पण किती दिवसांत, ते मी आज सांगू शकत नाही."

तो तडक दादाच्या घरी गेला. बाहेरच्या खोलीत बरण्यांची चळत लागलेली. खुर्चीत एक म्हातारी मांडीवर बरणी घेऊन बसली होती.

"दादा, तुझ्या चूर्णानं माझ्या आतड्यांची वाट लागली. क्रेन गेली माझी!"

"हळू बोल, गिऱ्हाईक आहे. तूच चमचे वाढवले असशील."

"तूच म्हणालास, गुण येत नसेल तर वाढव!"

"अरे, घरात सगळे घेतात. मी स्वतः घेतो."

पाणी घेऊन आलेल्या वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही कुठं घेता? सोसत नाही म्हणून केव्हाच सोडलंत की."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात उगारलाही गेला, पण समोर दादा होता. ज्याने सायकल शिकवली, तो.

"तुला सोसत नव्हतं," तो कसाबसा म्हणाला, "आणि मला देत राहिलास?"

दादा बरण्यांची झाकणं घट्ट करत राहिला.

म्हातारीने भेदरून विचारलं, "मग मी किती घेऊ, बाळा?"

त्याने तिच्या मांडीवरची बरणी उचलून टेबलावर ठेवली. "काहीच नको, आजी. चला, डॉक्टरीणबाईंकडे सोडतो."

दादाच्या घराचा जिना अरुंद होता. तिच्या पुढे एक पायरी खाली राहून, तिचे दोन्ही हात धरून, तो उलट्या पावलांनी सावकाश उतरत राहिला.